वकीलकाकांचा टोप

१

सिडनीतल्या पेंडल हिलमध्ये चोरी होते ती बहुतेक दारावर ठेवलेल्या पार्सलांची. त्यामुळे रविवारी दुपारी आसुमादूंच्या घरातून केसांचा टोप चोरीला गेला, तेव्हा ही चोरी मानायची की अजून काही, हेच आधी कुणाला ठरवता येईना.

घटनेला साक्षीदार मात्र भरपूर होते. चाळीसेक माणसं. सगळी घानात बसलेली, झूमवरच्या चौकोनांत, पक्षाच्या रंगाचे शर्ट घालून.

शेजारची यामिनी त्या वेळी तिथेच होती, कारण वकीलकाकांचा आवाज पलीकडे जात नव्हता आणि आईने तिला "जा गं, त्यांचं ते म्यूट काढून दे" म्हणून पाठवलं होतं. वकीलकाका म्हणजे ऑनरेबल एबेनेझर क्वाबेना आसुमादू. वकील, चार वेळा आमदार, दोन वर्षं मत्स्यव्यवसाय खात्याचे उपमंत्री, आणि आता मुलीकडे राहून आठवड्यातून दोनदा कचऱ्याचा बिन बाहेर काढणारे. सहा फूट उंच. ते इंग्रजीतच बोलत, आणि प्रत्येक वाक्य काळा कोट घालून बाहेर पडे. आदल्याच दिवशी न्हाव्याकडे जाऊन त्यांनी केस बारीक, काळेभोर करून घेतले होते, त्यामुळे लॅपटॉपचा कॅमेरा त्यांना ओळखायला तयार नव्हता आणि त्यातच अर्धा तास गेला.

"बंधूंनो आणि भगिनींनो," काका म्हणाले, "एक क्षण. माझा टोप घेतो."

घानातले वकील अजून कोर्टात घोड्याच्या केसांचा पांढरा टोप घालतात. काकांचा टोप पन्नास वर्षांचा होता आणि आता चहाच्या गाळणीच्या रंगाचा झाला होता. त्यांच्या प्रत्येक निवडणुकीच्या पोस्टरवर तो होता. एका पोस्टरवर तर नुसता तोच होता. काका अभ्यासिकेतल्या कपाटाकडे गेले. टोपाचा काळा पत्र्याचा डबा कपाटाच्या माथ्यावर असे.

ते तिथेच थांबले. मग वळून कॅमेऱ्याकडे बघत हळूच म्हणाले,

"माझा टोप गेला आहे." श्वास घेतला. "आणि माझं स्टूल उभं आहे."

पहिल्या वाक्याला चौकोनांतून हळहळ आली. दुसऱ्या वाक्याला मात्र सगळे चौकोन एकदम गप्प झाले. यामिनीने खाली पाहिलं. कपाटासमोर काकांचं लाकडी स्टूल होतं, एकाच ओंडक्यातून कोरलेलं, खोलगट बैठकीचं. उभंच होतं. स्टुलाने अजून काय करायचं असतं?

काकांची मुलगी अकोसुआ स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारातच थबकली. ती नर्स होती, सहसा कशालाही न घाबरणारी.

"आमच्यात स्टुलावरून उठलं की ते आडवं करून ठेवतात," ती यामिनीला म्हणाली. "रिकामं उभं ठेवलं तर येताजाता कुठलाही आत्मा त्यावर येऊन बसतो. आमच्या घरातला माणूस झोपेतसुद्धा हे विसरणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे परकं कुणीतरी इथे आलं होतं. त्यावर चढून डबा काढला आणि तसंच टाकून गेलं." अकोसुआने मागच्या दाराकडे पाहिलं. "आम्ही सकाळी चर्चला होतो. घर बंद होतं. दार फोडलेलं नाही. मागच्या दाराची किल्ली आमच्याशिवाय एकाच माणसाकडे आहे, यामिनी."

यामिनीने मनात नाव घेतलं. अकोसुआने ते मोठ्याने घेतलं.

"तुझ्या आईकडे."

२

यामिनी एका विमा कंपनीत दावे तपासायची. प्रवासात बॅगा हरवल्या म्हणणाऱ्यांच्या बॅगा खरंच होत्या का, हे शोधायचं तिचं काम. माणसावर संशय घ्यायचा तिला पगार मिळायचा, आणि ती काम मन लावून करायची. पण आजवर एकही दावा सख्ख्या आईविरुद्ध आला नव्हता.

आई म्हणजे वीणाताई, नाशिकहून व्हिजिटर व्हिसावर आलेल्या, निवृत्त भूगोल शिक्षिका. पहिले दोन आठवडे त्यांनी खिडकीतून बाहेर बघून "इथे माणसं राहतात ना गं?" विचारण्यात घालवले. मग एकदा कुंपणापलीकडे वकीलकाका दिसले. घर जोडघर होतं, मधली भिंत सामाईक, एका घराचं चित्र आरशात धरावं तसं दुसरं. भिंत सामाईक असताना चहा वेगळा कशाला, असं म्हणून वीणाताई रोज दुपारी तिकडे जाऊ लागल्या. अकोसुआ शिफ्टला असायची, म्हणून तिनेच त्यांना किल्ली दिली होती.

काकांनी त्यांना सगळं आयुष्य सांगितलं होतं. पहिली केस कोंबडा चोरल्याच्या आरोपाची. काकांनी कोंबडाच कोर्टात हजर केला आणि तो खऱ्या मालकाकडे जाईल असं सांगितलं. कोंबडा न्यायाधीशांच्या टेबलावर जाऊन बसला. केस हरले, पण नाव झालं. मग लष्करी राजवटीत तुरुंग. मग निवडणुका. मग उपमंत्रिपद, ज्यात त्यांनी खाडीतल्या कोळ्यांसाठी एका बड्या कंपनीशी भांडण घेतलं आणि खुर्ची घालवली. वीणाताई हे सगळं रात्री जेवताना मुलीला आणि जावयाला सांगत, नकाशा काढून.

आता पक्षाने काकांना परत बोलावलं होतं. त्यांच्या जुन्या मतदारसंघात पोटनिवडणूक होती. विमान येत्या शनिवारी.

आणि टोपाबद्दल आई काय म्हणाली होती, ते यामिनीला स्पष्ट आठवत होतं. "पन्नास वर्षांत एकदाही धुतला नाही म्हणे! अभिमानाने सांगतात! घाण वास येतो गं. मी म्हटलं, अहो, निदान वारा तरी लागू द्या त्याला. म्हणाले, आपण योग्य तेच बोललात. पण काही केलं नाही. मला एकदा द्या म्हणावं, रिठ्याच्या पाण्यात घालून लख्ख करते."

यामिनी घराच्या बाजूने धावत मागच्या अंगणात गेली. आई तिथे पाठमोरी उभी होती. खाली रिठ्याच्या पाण्याची बादली होती. आणि वाळत घालायच्या दोरीवर, दोन चिमट्यांना लटकून, पांढरं कुरळं काहीतरी पाणी गाळत होतं.

३

तो मॉप होता.

"असा काय चेहरा केलास?" आई म्हणाली. "मॉपसुद्धा माणसाने धुवावा लागतो."

यामिनीने सांगितलं. वीणाताईंनी सगळं ऐकून घेतलं, साडीच्या पदराला हात पुसले आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात किल्ली होती.

"ही देऊन ये."

"आई, अगं तिने फक्त विचारलं..."

"मलाही वर्गात फक्त विचारायची सवय होती, यमू. विचारणं कसलं असतं ते कळतं मला."

दुसऱ्या दिवशी मिस्टर बाफोंनी पाचर मारली. बाफो म्हणजे काकांच्या पक्षाचे सिडनी शाखाध्यक्ष. त्यांनी घानाच्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, की शेजारच्या 'एका किल्लीधारी भारतीय महिलेची' चौकशी सुरू आहे. तिथून ते इंडियन ग्रोसरीच्या दुकानात आलं, आणि तिथून मराठी मंडळात. मोदकांच्या तयारीला वीणाताई गेल्या, तर नीरजा नावाच्या बाईंनी आपली पर्स टेबलावरून उचलून मांडीवर घेतली. सहज घेतली असेल. वीणाताई सारण न ढवळताच परत आल्या.

"पुढच्या मंगळवारचं तिकीट मिळतंय का बघ नाशिकचं," त्या म्हणाल्या. "म्हणजे मुंबईचं."

"चार महिने राहिलेत अजून!"

"चोर म्हणून चार महिने राहू?"

जेवायला बसताना तनयने, म्हणजे यामिनीच्या नवऱ्याने, नेहमीप्रमाणे आडवी पडलेली खुर्ची उचलून उभी केली. गेले कित्येक दिवस घरात हे चाललं होतं. डायनिंगची खुर्ची आडवी, बाथरूममधलं प्लास्टिकचं स्टूल आडवं, अंगणातला वेताचा मोडा आडवा. यामिनीला वाटत होतं, आईचा तोल जात असणार आणि ती सांगत नसणार. तिने गुपचूप डॉक्टरांची वेळही घेऊन ठेवली होती.

"आणि दुसरं," तनय कुजबुजला, "गॅरेजच्या छतात काहीतरी आहे यार. रोज धपधप आवाज. मी रियल इस्टेटवाल्याला सांगितलं, तो म्हणतो नो वरीज. मला वरीज आहेत ना, मेट!"

"तनय, माझी आई चोर ठरतेय."

"सॉरी." त्याने भात कालवला. "पण दोन्ही होऊ शकतं ना एका वेळी."

यामिनीने रात्रीत ठरवलं. शनिवारी विमान. त्याच्या आत टोप सापडला नाही, तर आई चोर म्हणून नाशिकला जाणार होती, आणि मरेपर्यंत ते विसरणार नव्हती. तिने ऑफिसात रजा टाकली. कारणाच्या जागी लिहिलं: घरगुती दावा.

४

पहिला संशयित हृषिकेश. मंडळाच्या गणपतीतल्या नाटकाचा दिग्दर्शक. नाटक कोर्टाचं होतं आणि त्याला न्यायाधीशाच्या डोक्यावर काहीतरी हवं होतं. शनिवारी संध्याकाळी तो काकांकडे टोप मागायला गेला होता. टोप शेवटचा पाहणारा बाहेरचा माणूस तोच.

यामिनी हॉलवर पोचली तेव्हा तो हात वर करून पंख्याला अडकलेली पताका सोडवत होता. टाचा न उचलता.

"यामिनी, देवाशपथ मी नाही घेतला. मला गरजच काय? ते हो म्हणाले होते!"

"हो? कोण?"

"काका! मी म्हटलं, तीन दिवस द्या. ते म्हणाले, 'तुमच्यासारख्या कलावंताच्या उपयोगी पडणं हा माझा सन्मान आहे.' हो म्हणजे अजून काय असतं?"

"मग नेलास का नाही?"

"तेच तर. डबा काही खाली येईना. मग त्यांनी आशीर्वाद दिला आणि मी घरी आलो. कसा आलो ते मला अजून कळलेलं नाही. आता आमचा न्यायाधीश कापसाचा टोप घालतोय. सांताक्लॉज दिसतो. फाशीची शिक्षा सुनावतो तेव्हा पोरं हात पुढे करतात."

दुसरी संशयित अकोसुआ. तिला वडील जायला नको होते. हे ती लपवत नव्हती.

"बीपी केवढं आहे त्यांचं, माहितेय?" ती चहा ओतत म्हणाली. "तिकडे उन्हात ट्रकवर उभं राहून भाषणं करणार? पण मी कशाला टोप लपवू? ते मला म्हणाले, 'मुली, तुझा शब्द माझ्यासाठी शेवटचा आहे.' मला वाटलं, झालं. दुसऱ्या दिवशी बाफो म्हणाला, ते पक्षाला सांगून बसलेत, 'मी तुमचा सेवक आहे.'"

"म्हणजे जायलाही हो आणि राहायलाही हो?"

"ते राजकारणी आहेत, यामिनी. मी जन्मल्यापासून त्यांच्या तोंडून 'नाही' ऐकलेलं नाही. लहानपणी मी हत्ती मागितला होता. अजून वाट बघतेय."

यामिनी अभ्यासिकेत गेली. डब्याच्या जागी धुळीत गोल खूण होती. खोलीत दुसरं बसायला काय, तर चाकांची खुर्ची. तिच्यावर चढायला सर्कशीतलाच माणूस हवा. तिने कपाटाकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं आणि एक पाय उचलला.

"नको!" अकोसुआ एवढ्या जोरात ओरडली की कप फुटला. "त्यावर पाय? वेडी आहेस का?"

"दुसरा टोप विकत नाही का मिळत गं?" यामिनी पाय खाली ठेवत म्हणाली. "इथेही वकील घालतात की."

"मी तेच म्हटलं. तर म्हणाले, नवा कोरा टोप घालून गावात गेलो तर लोक म्हणतील, हा कालच वकील झाला."

दारात वकीलकाका उभे होते, कधीपासून कोण जाणे. डोक्यावर काळेभोर केस चमकत होते.

"माझ्या मैत्रिणीला सांगा," ते म्हणाले, "मला त्यांच्या चहाची आठवण येते."

"त्या मंगळवारी परत चालल्यात, काका."

काकांच्या तोंडावरचं पुढारी हसू तसंच राहिलं. हातातली काठी मात्र खाली पडली.

५

दोन्ही घरं आरशासारखी. म्हणजे कपाटंही तीच. शुक्रवारी यामिनीने बाथरूममधलं प्लास्टिकचं स्टूल आणलं, काकांच्या स्टुलाएवढंच ठेंगणं, आणि आपल्या कपाटासमोर मांडून त्यावर चढली. बोटं माथ्याच्या वीतभर खाली राहिली. आई तर तिच्याहून बुटकी. अकोसुआही. हृषिकेशला आणि काकांना स्टूल लागणारच नाही.

ती स्टुलावर तशीच उभी राहिली. ज्याला स्टुलाचा उपयोग होईल, असं त्या घरात जाऊ शकणारं कुणीच नव्हतं. मग ते कपाटासमोर आलं कशाला?

"खाली उतर, पडशील," वीणाताई आत येत म्हणाल्या. त्या बॅग भरत होत्या. यामिनी उतरली. वीणाताई क्षणभर त्या स्टुलावर टेकल्या, पिशवीची गाठ मारली, उठल्या, आणि उठता उठता त्यांच्या हाताने स्टूल आपोआप आडवं केलं. बघितलंसुद्धा नाही.

यामिनीने आडवं स्टूल बोटाने दाखवलं.

"आई. हे काय केलंस?"

"काय?"

"स्टूल पाडलंस."

"पाडलं कुठे? झोपवलं." वीणाताईंना तिचंच आश्चर्य वाटलं. "रिकामं उभं ठेवू नये. काकांनी शिकवलं. मला पटलं. आपल्याकडेही जेवण झालं की पाट उचलून भिंतीला लावतातच की. आता हाताला वळणच पडलंय."

खुर्ची आडवी. मोडा आडवा. डॉक्टरांची वेळ! आई पडत नव्हती, आई पाळत होती.

"म्हणजे तू चोरी केली असतीस, तर..."

"यमू!"

"अगं, असतीस तर! तर स्टूल आडवं असतं!"

यामिनी पलंगावर बसली. स्टूल उभं म्हणजे परका माणूस, हे कुणाला ठाऊक होतं? तिला स्वतःला रविवारपर्यंत नव्हतं. हृषिकेशला अजून नाही. त्या घरात शिरू शकणाऱ्यांत ठाऊक होतं तिघांनाच: अकोसुआ, आई आणि काका. त्यांतल्याच कुणीतरी, बघणाऱ्याने परक्यावर संशय घ्यावा म्हणून, ते मुद्दाम उभं करून ठेवलं होतं. आई स्वतःवरच बालंट कशाला आणेल? राहिले दोघं. अकोसुआचा हात माथ्यावर पोचत नाही.

आणि मग तिला झूम आठवला. कॅमेरा ओळखेना तो चेहरा. वर्षानुवर्षं प्रत्येक मीटिंगला टोप घालून बसणारा माणूस नेमका आदल्या दिवशी न्हाव्याकडे जातो, केस काळे करतो. टोपाखाली कुणाला दिसणार होते ते?

रविवारी आपलं डोकं उघडं दिसणार आहे, हे शनिवारीच माहीत असलेला माणूस एकच होता.

६

शनिवारी दुपारी आसुमादूंच्या हॉलमध्ये सगळे जमले. मिस्टर बाफो काकांची बॅग दाराशी ठेवून उभे होते. अकोसुआ हाताची घडी घालून. हृषिकेश तालमीतून थेट आला होता, कापसाचा टोप काढायला विसरून. तनय सोबतीला. वीणाताईंना यामिनीने जवळजवळ ओढत आणलं होतं. त्या दाराजवळच्या खुर्चीवर, पर्स नसलेल्या माणसासारखे हात मांडीवर ठेवून बसल्या. टीव्हीला लॅपटॉप जोडला होता आणि घानातले चाळीस चौकोन निरोप द्यायला हजर होते.

यामिनीने सगळं सांगितलं. कपाटाची उंची, स्टुलाची उंची, आडव्या खुर्च्या, काळे केस. बोलताना ती फक्त काकांकडे बघत होती.

"आक्षेप," काका सवयीने म्हणाले.

"कशाला?"

"केसांच्या उल्लेखाला," ते म्हणाले.

"तुम्ही कुणालाच 'नाही' म्हणत नाही, काका. पक्षालाही नाही म्हणायचं नव्हतं. टोप गेला की न बोलताच नकार. बरोबर?"

बाफोंच्या हातातून बॅगेचा पट्टा सुटला. काका मग उठले, स्टूल आडवं केलं, काठी घेतली आणि म्हणाले, "चला."

वरात काकांच्या गॅरेजमध्ये गेली. लॅपटॉप तनयने धरला होता, त्यामुळे चाळीस लोकही आले. वर, दोन्ही घरांच्या गॅरेजना सामाईक असलेल्या छताच्या वाशांत, कौलांखाली, काळा पत्र्याचा डबा होता. झाकण बाजूला पडलेलं.

"झाकण उघडं?" यामिनीने विचारलं.

"मॅडम वीणा म्हणाल्या होत्या," काका खाली बघत म्हणाले, "त्याला वारा लागू द्या."

हृषिकेशने हात वर करून डबा थोडा कलता केला. आतून दोन मोठे, ओले, काळे डोळे त्याच्याकडे बघू लागले. मग दोन बारीक.

टोपाचं घरटं करून त्यात मांजराएवढी, केसाळ अशी एक पॉसम मादी बसली होती, पाठीवर पिल्लू. टोपाची मागे लोंबणारी एक शेपटी तिने अंगाभोवती गुंडाळून घेतली होती. ती कुठल्याही न्यायाधीशापेक्षा न्यायाधीश दिसत होती.

"धपधप!" तनय आनंदाने ओरडला.

"काढा तिला!" बाफो म्हणाले.

"नाही काढता येत," अकोसुआने सांगितलं. "पॉसम इथे संरक्षित आहेत. परवाना लागतो. त्यात पिल्लू आहे."

काकांचा चेहरा हळूहळू उजळला. पन्नास वर्षांत इतका सुंदर पुरावा त्यांच्या हाती आला नव्हता. ते कॅमेऱ्याकडे वळले, छाती पुढे काढली. "बंधूंनो आणि भगिनींनो! आपण स्वतः पाहत आहात. एका मुक्या जिवाने, या देशाच्या कायद्याच्या संरक्षणाखाली..."

चौकोनांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. चोर सापडला होता. सगळे सुटले होते.

"पॉसम झाकण उघडत नाही," यामिनी म्हणाली. "डबा कपाटावरून गॅरेजमध्येही आणत नाही. असा दावा मी नाकारते, काका."

"सोड गं," वीणाताई शांतपणे म्हणाल्या. "त्यांच्या माणसांसमोर त्यांना कशाला खाली बघायला लावायचं? चल. मला बॅगेला कुलूप लावायचंय."

त्या वळल्या. काकांचं वाक्य अर्धवट हवेत राहिलं.

"तुमच्या गावात परका म्हणजे कुणीही असेल," यामिनी हलक्या आवाजात म्हणाली. "पण या गल्लीत परका म्हटलं की लोक थेट माझ्या आईकडे बघतात. तुम्हाला सुचलं नाही?"

"नाही," वकीलकाका म्हणाले.

अकोसुआने मान झटकन वर केली.

"नाही सुचलं," काका म्हणाले. या वाक्याला कोट नव्हता. "मला वाटलं, परका म्हणजे असाच कुणीतरी, चेहरा नसलेला. मॅडम वीणांना मी परक्यांत धरलंच नव्हतं. त्यामुळे त्यांचं नाव येईल हे डोक्यातच आलं नाही. आलं तेव्हा उशीर झाला होता, आणि मी घाबरलो." ते कॅमेऱ्याकडे वळले. "डबा मी लपवला. स्टूल मी उभं केलं. या बाईंचा काही संबंध नाही. मिस्टर बाफो, हे तुमच्या ग्रुपवर आत्ता लिहा, मी बघतो. आणि मी पोटनिवडणुकीला येणार नाही."

चौकोनांतून कुणीतरी विचारलं, "ऑनरेबल, म्हणजे नंतर येणार?"

"नाही."

"म्हणजे विचार करून सांगणार?"

"नाही," काका म्हणाले, आणि त्यांना तो शब्द आवडू लागल्यासारखं दिसलं. "नाही, नाही, नाही."

अकोसुआ गॅरेजच्या पायरीवर बसून रडायला लागली. "आणि हत्ती?" तिने नाक पुसत विचारलं.

"तोही नाही, मुली."

७

पॉसम टोपातच राहिली. बाफोंनी तिचा फोटो तिकडे पाठवला, आणि काकांच्या जागी उभ्या राहिलेल्या तरुण वकीलबाईंनी पोस्टरवर तोच छापला. म्हणे गर्दी खूप होते.

नीरजाबाईंनी मोदकांचा डबा स्वतः आणून दिला. वीणाताईंनी तो घेतला आणि, "पर्स घरी ठेवून आलात वाटतं?" एवढंच विचारलं.

काका मात्र बिघडले. गोळी घ्या म्हटलं, नाही. बिन बाहेर काढा, नाही. हृषिकेश नाटकात न्यायाधीश व्हा म्हणून विनवायला आला, तर वाक्य पूर्ण व्हायच्या आत नाही. अकोसुआला कौतुकही वाटत होतं आणि डोकंही दुखत होतं.

मंगळवार आला आणि गेला. बॅग भरलेलीच होती, पण वीणाताई विमानतळाचं नाव काढत नव्हत्या आणि शेजारचंही नाही. बुधवारी दुपारी मागच्या दारावर काठीची टकटक झाली. वकीलकाका बाहेर उभे होते. हातात किल्ली. मुळांशी पांढरे केस परत दिसू लागले होते.

किल्ली त्यांनी पुढे धरली. काही बोलले नाहीत, आणि आयुष्यभर बोलण्यावर जगलेल्या माणसाला ते बरंच जड जात होतं.

वीणाताईंनी किल्लीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. मग आत जाऊन गॅसवर आधण ठेवलं. जेवणाच्या टेबलाशी आडवी पडलेली खुर्ची उचलून त्यांनी नीट उभी केली.

"चहा घेणार?" त्यांनी आतूनच विचारलं.

काकांनी थोडा विचार केला.

"हो," ते म्हणाले, आणि येऊन खुर्चीवर बसले.